बंद लिफ्टचा लिफ्टमन

आरोग्य खात्याच्या त्या पाचमजली कचेरीत एक कुजबुज बरेच दिवस चघळली गेली. लिफ्टमननं म्हणे बड्या साहेबांना मुद्दाम लिफ्टमध्ये कोंडलं. कुणी म्हणे, त्यानं आदल्या दिवशीच तारांशी काहीतरी उद्योग केला होता. कुणी म्हणे, साहेबांच्या खुर्चीवर डोळा असलेल्या दुय्यम साहेबांनी त्याचा खिसा गरम केला होता. टायपिंगच्या खोलीतल्या बायकांचं तर ठाम मत होतं, की साहेब आत लटकलेले असताना या बाबानं वर बसून निवांत डबा खाल्ला आणि ढेकरही दिला. ढेकर कुणी ऐकला म्हणून विचाराल, तर प्रत्येकीनं तो दुसरीकडून ऐकला होता.

त्यात खरं किती, ते शेवटी बघू. आधी माणूस बघा.

त्याला सगळे ‘वरखाली’ म्हणत. उभी हयात त्यानं बसून काढली. लोखंडी जाळीची जुनी लिफ्ट, तिच्या कोपऱ्यात एक लाकडी स्टूल आणि त्या स्टुलावर हा. डाव्या हातानं जाळी ओढायची, उजव्या हातानं बटण दाबायचं. बाकीचं शरीर सरकारनं कधी वापरलंच नाही, त्यामुळे ते आपल्या मर्जीनं वाढत गेलं. पोट पुढे आलं, गुडघे कुरकुरू लागले, मागोमाग साखरही आली. पण रुबाब असा, की लिफ्ट जणू याच्या वाडवडिलांनी बांधलेली. आत कुणाला घ्यायचं ते हा ठरवणार. आधी पायातल्या जोड्याकडे बघायचा, मग चेहऱ्याकडे. जोडा चकचकीत असला तर “या साहेब”, झिजलेला असला तर “भरली, भरली, पुढच्या खेपेला.” गरिबाला आणखी गरीब माणूस जितकं ताटकळत ठेवतो, तितकं श्रीमंताला कधी जमत नाही.

त्याची खरी कमाई म्हणजे गप्पा. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस लिफ्टमनला स्टुलाचाच पाचवा पाय समजतो आणि वाटेल ते बोलतो. कुणाची बदली, कुणाचं लफडं, कोणत्या साहेबाची बायको माहेरी का गेली, सगळं याच्या कानावरून खालीवर व्हायचं आणि संध्याकाळी घरी बायकोपुढे ओतलं जायचं.

बायको म्हणजे जिभेला तलवारीची धार आणि छातीत कागदाचं हृदय. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, “होणारच मोठं. इतकी वर्षं यांना पदरात घेतलंय, जागा नको का?” पाय सुजायचे, चार पावलं चाललं की दम लागायचा. रोजच्या गोळ्यांवर गाडी चालली होती. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत, पण त्यासाठी आजाराचं कार्ड लागे आणि त्या कार्डावर दर वर्षी नवा शिक्का लागे. शिक्का मारणारं टेबल या कचेरीत, पाचव्या मजल्यावर. रोग्यानं तिथं स्वतः हजर व्हायचं. नवरा, मुलगा, शेजारी चालत नाही. माणूस अजून आजारी आहे आणि अजून जिवंत आहे, हे सरकारला आपल्या डोळ्यांनी बघायचं असतं.

हे टेबल पाचव्या मजल्यावर का? कारण तळमजल्यावर ‘निरोगी जीवन’ नावाचं कायमचं प्रदर्शन होतं. तिथं प्लॅस्टिकच्या भाज्या काचेत ठेवल्या होत्या. त्यांच्यावरची धूळ पुसायला एक माणूस होता.

आता या सगळ्यावर येऊन पडलं ते धोरण. ‘राष्ट्रीय दीर्घव्याधी प्रतिबंध आणि व्यवस्थापन धोरण.’ दमेकऱ्यानं एका श्वासात म्हणून दाखवावं! ते लिहायला मोठमोठी डोकी जमली. हॉटेलात बैठका झाल्या, तळलेलं खात खात तेलाच्या दुष्परिणामांवर चर्चा झाली, गोड खात खात साखरेवर. जो तो ‘बहुक्षेत्रीय’ हा शब्द असा उच्चारी, जणू तोंडात वितळणारी मिठाईच. पुस्तक इतकं जाडजूड झालं, की ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणं हाच त्यातला एकमेव व्यायाम. आत चार स्तंभ होते, नऊ उद्दिष्टं होती आणि रंगीत बाण होते. दवाखान्यात डॉक्टर कधी येणार, एवढंच तेवढं नव्हतं.

या ग्रंथाचे कर्ते म्हणजे पाचव्या मजल्यावरचे बडे साहेब. तोंडात सदा एकच वाक्य, “प्रत्येक पायरी हे औषध आहे.” त्यावरून लोक त्यांना मागून ‘पायरीसाहेब’ म्हणत. धोरणातलं एकच कलम असं होतं, की ज्याला ना डॉक्टर लागत होता ना औषध. सरकारी इमारतींतल्या लिफ्ट बंद करायच्या. झालं, तेवढं एक कलम मात्र ताबडतोब अमलात आलं. रोग रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण ज्यानं काढली त्यानं ही कचेरी नक्की पाहिली असणार.

उद्घाटनाला मंत्री आले. जिन्याला फीत बांधली होती, ती त्यांनी कापली. चार पायऱ्या चढले, फोटो निघाला, चार पायऱ्या उतरले आणि खुर्चीत बसून घाम पुसू लागले. लिफ्टच्या जाळीला भलं मोठं कुलूप लागलं. वरखालीचं काय करायचं? कायम नोकरीतला माणूस, काढता येत नाही. म्हणून त्याला नवं पद दिलं, ‘जिना-प्रेरक’. गळ्यात हिरवा पट्टा घालायचा, जिन्याच्या पायथ्याशी उभं राहायचं आणि चढणाऱ्याला टाळ्या वाजवून प्रोत्साहन द्यायचं.

घरी त्यानं पट्टा दाखवला तेव्हा बायको हसून हसून खोकली. “अहो, नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा उभे राहिलात. धोरणाला यश आलं म्हणायचं.”

“हस तू,” तो म्हणाला. “तुला चढावं लागेल तेव्हा कळेल.”

“मी कशाला चढू? नवरा लिफ्टमन आहे माझा.”

“होता.”

त्यानं पट्टा काढून खुंटीला टांगला.

पट्ट्यातला वरखाली हे बघण्यासारखं ध्यान होतं. कावळे हाकलावेत तशा टाळ्या वाजवायचा. “चढा, चढा, औषध आहे,” असं म्हणताना आवाज असा, की चढणाऱ्याला आपण तिरडीवर चढतोय असं वाटावं. येणारे कोण, तर हृदयाचे, गुडघ्याचे, दम्याचे, मूत्रपिंडाचे रोगी. धडधाकट माणसाला त्या कचेरीत काय काम? जिन्याच्या दर वळणावर तक्ता लावला होता: ‘शाबास! तुमचं आयुष्य वाढलं!’ पहिल्या तक्त्याखाली रोगी बसायचे, दुसऱ्याखाली आडवे व्हायचे आणि बरेच जण तिथूनच घरी परतायचे. शिक्क्याविना कार्ड रद्द व्हायचं. कार्ड रद्द झालं, की नाव यादीतून जायचं. नाव गेलं, की तो माणूस सरकारच्या लेखी रोगी उरायचा नाही.

आणि म्हणून वर्ष संपायच्या आत पायरीसाहेबांनी जाहीर केलं, की देशात दीर्घ आजाराच्या रोग्यांची संख्या लक्षणीय घटली आहे! पडद्यावर लाल रेघ उताराला लागलेली दाखवली. सभागृहात टाळ्या. त्या टाळ्या मात्र वरखालीच्यासारख्या नव्हत्या, मनापासूनच्या होत्या.

स्वतः साहेब किती चढायचे? तळमजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत. तेवढं सगळ्यांना दिसायचं. पहिल्या मजल्यावर आडोसा होता आणि तिथल्या जाळीला कुलूप नव्हतं. रोज सकाळी वरखालीनं आधी तिथं जाऊन लिफ्ट आणून ठेवायची, साहेब आत शिरले की जाळी ओढायची आणि पुन्हा पायथ्याशी टाळ्यांना हजर व्हायचं. बरोबर जायची मात्र बंदी. जिना-प्रेरक लिफ्टमध्ये दिसला तर धोरणाची अब्रू गेली. जिना लिफ्टच्या जाळीभोवतीच वळत वर जायचा, तेव्हा साहेब वर चाललेले येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायचेच. पण दिसणं वेगळं आणि बघणं वेगळं. कचेरीत ज्याला पगार टिकवायचा असतो, तो बघत नाही.

एक दिवस वरखालीनं हिशेबनीसाला सांगितलं, “लिफ्ट कण्हतेय. कारागीर बोलवा.”

हिशेबनीसानं चष्म्यावरून बघितलं. “कोणती लिफ्ट?”

“आपली.”

“आपली लिफ्ट बंद आहे. बंद लिफ्ट कण्हेल कशी? दुरुस्ती लिहिली तर ती चालते असं होईल. चालते असं झालं तर धोरण गेलं. जा, टाळ्या वाजवा.”

बायकोच्या शिक्क्याची मुदत संपायला आली, तशी वरखालीची झोप उडाली. डब्यात चारदोन गोळ्या उरल्या होत्या. शिक्का नाही तर गोळ्या नाहीत आणि गोळ्या नाहीत तर पुढचं बोलायला नको. तो साहेबांना पहिल्या मजल्यावर गाठून म्हणाला, “साहेब, माझ्या मंडळींना एकदाच लिफ्टनं वर नेऊ द्या. हृदयाचं दुखणं आहे.”

साहेबांनी त्याच्या पट्ट्याकडे बोट केलं. “अरे, तू प्रेरक आहेस! तुझीच बायको लिफ्टनं गेली तर समाजात काय संदेश जाईल? हळूहळू चढव. प्रत्येक पायरी...”

“औषध आहे,” वरखाली म्हणाला आणि त्यांच्यासाठी जाळी ओढली.

शिक्क्याच्या टेबलावरच्या कारकुनालाही विचारून झालं. खाली येऊन शिक्का माराल का? कारकून म्हणाला, “हजेरी म्हणजे टेबलासमोर हजेरी. टेबल खाली आणू का?” आणि स्वतःच्याच विनोदावर तो खूश झाला.

शेवटी मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. दुसऱ्या राज्यांतली समिती, साहेबांच्या घसरत्या रेघेचं रहस्य शिकायला. साहेबांनी त्यांना जिन्यानं वर धाडलं. “तुम्ही व्हा पुढे, मला मंत्र्यांचा फोन यायचाय.” शिपायानं साहेबांची बॅग आणि फोन आधीच वर नेला होता, तेव्हा मंत्र्यांचा फोन कशावर यायचा होता देव जाणे. पाहुणे धापा टाकत पाचव्या मजल्याच्या सभागृहात पोचले.

त्यांच्या मागून बायको चढत होती. वरखालीनं तिच्यासाठी लिफ्टमधलं आपलं जुनं स्टूल काढून आणलं होतं. चार पायऱ्या चढायच्या, तो स्टूल टेकवायचा, ती बसायची. पहिल्या तक्त्याखाली तिनं वाचलं, “‘शाबास, तुमचं आयुष्य वाढलं.’ अहो, एवढं वाढलंय तर परत फिरू या का? शिक्का कशाला हवा?”

“बोलू नकोस. दम लागेल.”

“न बोलून काय मिळतंय? दम लागतोच आहे.”

दुसऱ्या मजल्यावर मात्र ती बसली ती बसलीच. ओठ निळसर झाले. “तुम्ही जा,” ती म्हणाली. “घशाला कोरड पडलीय. थोडं पाणी आणा.”

तो पाण्याला पहिल्या मजल्यावर उतरला, तर तिथं साहेब हात चोळत उभे. “अरे कुठं आहेस? वर समिती खोळंबलीय. चल, जाळी ओढ.”

“साहेब, दुसऱ्या मजल्यावर एक मिनिट थांबवा. माझी बायको बसलीय, तिला आत घ्या. पाया पडतो.”

“वेडा झालास? समितीच्या दिवशी? ओढ.”

त्यानं ओढली. लिफ्ट कण्हत वर गेली. दुसऱ्या मजल्यावर स्टुलावर बसलेल्या बाईनं जाळीतून बघितलं, तर निरोगी जीवनाचे राष्ट्रीय शिल्पकार छताकडे बघत शांतपणे वर चाललेले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तेही पगारदारच.

मग तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठंतरी खाड्कन आवाज झाला आणि कण्हणं थांबलं.

वरखाली पाणी घेऊन बायकोपाशी पोचला. वरून दबका आवाज येत होता, “कोणी आहे का? अरे, ए!” आत घंटेचं लाल बटण होतं, पण घंटा वाजली असती तर पाचव्या मजल्यावरची समिती धावली असती. त्यामुळे देशाचे बडे साहेब चोरासारखे कुजबुजत ओरडत होते.

“अडकले वाटतं,” बायको पाणी पीत म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

“अडकले.”

“आता हो?”

“आता वर जायचं. मशीनघर गच्चीवर आहे. तिथलं चाक हातानं फिरवलं, की लिफ्ट मजल्याला लागते.” त्यानं स्टूल उचललं. “चल. वाटेतच तुझं टेबल आहे.”

माणसाला उत्साह कशानं येईल सांगता येत नाही. ती उठली. चार पायऱ्या, स्टूल, चार पायऱ्या, स्टूल. तिसरा मजला ओलांडला तेव्हा डोक्यावर जाळीत साहेबांचे चकचकीत जोडे दिसले. चौथ्या मजल्यावर पोचली, तर जमिनीलगत साहेबांचं तोंड, जाळीला चिकटलेलं. तिनं स्टूल बरोबर तिथंच टेकवायला लावलं.

“नमस्कार साहेब,” ती म्हणाली. “घाम आलाय तुम्हाला. हळूहळू श्वास घ्या. घाई करू नये, मी रोज तेच करते.”

“ही कोण?” साहेब खेकसले, तेही कुजबुजत. “अरे, मला आधी काढ!”

“काढतोच आहे साहेब,” वरखाली म्हणाला. “मशीनघराची किल्ली पाचव्या मजल्यावर असते. तिथंच निघालोय. बरोबर बाईमाणूस आहे, जरा वेळ लागणार.”

“तिला इथं सोड आणि पळ!”

“पळवत नाही साहेब. मला साखर आहे, गुडघे आहेत. तुमच्याच धोरणात आहे बघा, आमच्यासारख्यांनी धावू नये.”

बायकोनं पुरता दम खाल्ला. उठताना जाळीत वाकून म्हणाली, “तुमची ती रेघ खाली जाते ना साहेब, आमची नावं गाळून? मी नाही त्यात जायची. चला हो.”

पाचव्या मजल्यावर सभागृहाचं दार बंद होतं. समोरच्या टेबलावर कारकून जेवणाचा डबा उघडत होता. वरखालीनं बायकोला टेबलासमोर बसवलं आणि कार्ड ठेवलं.

“जेवणाची सुट्टी,” कारकून म्हणाला. “त्यानंतर मी समितीत. उद्या या.”

“आज शेवटचा दिवस आहे.”

“मग काल यायचं होतं.”

वरखालीनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसला. “बरं. मीही जेवून घेतो. साहेबांना मग काढतो.”

“कुठून काढता?”

“लिफ्टमधून. चौथ्याच्या खाली लटकलेत. समितीला सांगू का, की उशीर होईल?”

कारकुनाच्या बढतीची फाईल साहेबांच्या टेबलावर होती. घास तोंडापर्यंत गेलेला तसाच डब्यात परत आला. शिक्का शाईत बुडाला आणि कार्डावर असा आपटला, की शाई डब्यात उडाली. बायकोनं शिक्का वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग कार्ड छातीशी धरलं.

“जा आता,” ती नवऱ्याला म्हणाली. “काढा बिचाऱ्यांना. त्यांना सवय नाही.”

वरखालीनं गच्चीवर जाऊन चाक फिरवलं. लिफ्ट इंच इंच सरकत चौथ्या मजल्याला लागली, साहेब बाहेर पडले आणि उरलेला एक मजला खरोखरच जिन्यानं चढले. घामानं निथळत, टाय वाकडा, चेहरा लालबुंद, असे ते सभागृहात शिरले. समिती एका क्षणात उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बघा, याला म्हणतात स्वतः आचरण! पाची मजले चढून आले! साहेबांनी एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्यानं टाळ्या स्वीकारल्या आणि दम खाऊन म्हणाले, “प्रत्येक पायरी...” धोरण पाच वर्षांनी वाढवण्यात आलं. साहेबांना सन्मानचिन्ह मिळालं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला एक छोटा जिना होता.

वरखालीचं काही वाकडं झालं नाही. त्याला शिक्षा करायची तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहायचं तर साहेब बंद लिफ्टमध्ये होते हे लिहावं लागलं असतं. म्हणून शिक्षेच्या जागी कुजबुज आली. तारांची, खिशाची, डब्याची, ढेकराची. निवृत्तीपर्यंत त्यानं पट्टा घातला आणि टाळ्या वाजवल्या. एक फरक मात्र पडला. झिजलेल्या जोड्यांचा रोगी आला, की तो त्याच्या हाती स्टूल द्यायचा. बायको त्या कार्डावर पुढे आणखी काही शिक्के बघून गेली. यादीतून तिचं नाव ती गेल्यावरच गेलं, जसं जायला हवं होतं.

राहता राहिली कुजबुज. लिफ्ट कुणी अडकवली नव्हती. बंद लिफ्टची दुरुस्ती करायची नाही म्हणून ती आपोआप अडकली. डबा त्यानं खाल्ला नाही, त्या दिवशी तो आणलाच नव्हता. मशीनघराची किल्ली पाचव्या मजल्यावर नव्हती. ती सगळा वेळ त्याच्या खिशात होती.